हातभर अंतरावरचं भूत

शेठनी त्या दिवशी नर्सबाईंना 'हो' म्हटलं नसतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण कुणी दोन शब्द गोड बोललं की त्यांची मान आपोआप हलायची. (मान सोडून बाकी काही हलवायची त्यांना सवय नव्हती, हे पुढे येईलच.)

गावात किराण्याचं दुकान एकच. दुसरं गाठायचं तर अर्धा दिवस मोडायचा. आणि त्या दुकानात गादीही एकच. जाड, काळपट, मधोमध खड्डा पडलेली. खड्डा वडिलांनी पाडलेला, शेठनी तो एकतीस वर्षं बसून खोल केला. सकाळी एकदा त्या खड्ड्यात शेठ नीट बसले, की दुपारच्या जेवणापर्यंत उठायचं कारण त्यांना दिसत नसे.

नर्सबाई आरोग्य केंद्रात नव्या आलेल्या. शिडशिडीत, चष्मा लावणाऱ्या, आणि प्रश्न विचारून झाला की उत्तर येईपर्यंत टक लावून बघत बसणाऱ्या. महिनाभरात त्यांनी गावातली झाडून सगळी बोटं टोचली. घरटी एकाला तरी साखरेचं दुखणं निघालं. शेतात भाजी पिकवणारं गाव, आणि साखर शहराला लाजवेल अशी! कोडं काही सुटेना. मग एक दिवस बाई वही घेऊन शेठच्या दुकानात स्टुलावर येऊन बसल्या. सकाळपासून दुपारपर्यंत नुसत्या बघत होत्या.

"शेठ, मघाशी न्हाव्याच्या बायकोनं काय मागितलं?"

"मसूरडाळ."

"आणि तुम्ही काय दिलंत?"

"बिस्किटं," शेठ मोकळ्या मनानं म्हणाले. "डाळ मागच्या फळीवर आहे. उठावं लागतं."

"मग?"

"मग काय? म्हटलं, वहिनी, डाळ जरा जुनी आहे, बिस्किटं कालच आली आहेत. पटलं त्यांना."

"मास्तरांनी गाजरं मागितली होती."

"गाजरं कोपऱ्यातल्या टोपलीत. वाकावं लागतं हो. वेफर्स दिले."

नर्सबाईंनी पिशवीतून मापाची पट्टी काढली. शेठना हात लांब करायला लावला आणि खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत माप घेतलं. शिंपी घेतो तसं.

"या टप्प्यात जे आहे ते गाव खातं," त्या म्हणाल्या. "बाहेरचं पडून राहतं. मी महिनाभर लोकांच्या चुली तपासत होते. खोट तुमच्या हातात निघाली. पण शेठ, गावचं औषधही तुमच्याच हातात आहे. डॉक्टर नुसता कागदावर लिहितो. मनात आणलंत तर अख्खं गाव बरं कराल तुम्ही."

शेठची मान हलली.

बाईंनी खडू घेतला आणि गादीभोवती जमिनीवर एक मोठं रिंगण काढलं. रिंगणाच्या आत डाळी, शेंगदाणे, अंडी, गाजरं, काकड्या, ताज्या पालेभाज्या. बाहेर, पार मागच्या अंधाऱ्या फळीवर, बिस्किटं, वेफर्स आणि रंगीत पाण्याच्या बाटल्या. सगळ्यात शेवटी गेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. तो वडिलांच्या वेळचा. झाकणावर पोपटाचं चित्र होतं. उघडझाक करून पोपटाचा एक डोळा पुसला गेला होता आणि दुसरा जरा जास्तच उघडा दिसायचा. झाकण लावताना 'टण्ण' असा आवाज यायचा, तो समोरच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत ऐकू जायचा.

जाता जाता बाईंनी शेठचंही बोट टोचलं. आकडा आला दोनशे चाळीस. आणि नेमक्या त्याच वेळी शेठाणी चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

"चाळीस दिवस," शेठाणी म्हणाल्या. आवाज अगदी शांत. (शेठाणी ओरडायच्या तेव्हा शेठना भीती वाटत नसे.) "चाळीस दिवसांत हा आकडा खाली आला नाही, तर गादीवर मी बसणार. आणि तुम्ही मी सांगेन ते मागून आणून द्यायचं."

"अगं, गादी काय अशी..."

"बिनसाखरेचा आहे," म्हणून त्यांनी चहा पुढ्यात ठेवला.

शेठनी गादीची कड घट्ट धरली. त्या गादीवर बसले की ते शेठ. खाली उतरले की शेठाणीचे यजमान, इतकंच. त्यांनी त्याच क्षणी बिस्किट सोडलं. खरोखर सोडलं. मी धंद्यातला माणूस आहे (अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं ते दुसरं दुकान माझंच), दुसऱ्या दुकानदाराची शपथ सहसा मानत नाही. पण जागेपणी शेठनी बिस्किटाला बोट लावलं नाही, हे मी सांगतो.

पहिले चार दिवस बरे गेले. न्हाव्याच्या बायकोला चार वर्षांत प्रथमच मागितलेली डाळ मिळाली. ती दारातून दोनदा परत येऊन विचारून गेली, की काही चुकलं तर नाही ना.

पाचव्या दिवसापासून सुरू झालं.

दुपारी एक ते तीन दुकान बंद असायचं. शेठ आतून कडी घालून गादीवरच आडवे व्हायचे; वडीलही तसेच व्हायचे. ऐन दुपारी त्या गावात कुत्रं भुंकत नसे. दाराच्या फळ्यांमधून उन्हाच्या बारीक रेघा जमिनीवर पडायच्या आणि हळूहळू सरकत रिंगणापर्यंत यायच्या. त्या दुपारी शेठना जाग आली ती एका आवाजानं.

टण्ण.

त्यांनी डोळे उघडले. दुकानात कुणी नव्हतं. कडी जागच्या जागी होती. आणि उजव्या हाताशी, जिथे तो एकतीस वर्षं असायचा अगदी तिथेच, बिस्किटांचा डबा होता. एकडोळ्या पोपट त्यांच्याकडे बघत होता. गाजरांची टोपली मागे, अंधाऱ्या फळीवर.

"कोण आहे?" शेठनी विचारलं. आवाज इतका बारीक आला, की तो आपलाच आहे हे पटायला त्यांना थोडा वेळ लागला.

डब्यातली अर्धी बिस्किटं गेली होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी शेठनी डबा मागच्या फळीवर सुतळीनं बांधून ठेवला. उठून बघतात तो डबा उजव्या हाताशी, आणि सुतळी नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली. सुतळीची अशी गुंडाळी गावात एकच माणूस करायचा. एकतीस वर्षांपूर्वी वारलेले शेठचे वडील. शेठना ती त्यांनीच शिकवली होती, पण भीतीच्या भरात ही गोष्ट शेठच्या ध्यानात कुठली यायला!

शेठाणींना सांगून उपयोग झाला नाही.

"म्हणजे कडी आतून होती?"

"हो ना!"

"आत तुम्ही एकटे?"

"एकटाच गं!"

"आणि बिस्किटं संपली."

"तेच तर सांगतोय!"

शेठाणींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. अशा बघण्याचा अर्थ शेठना तोंडपाठ होता.

"गादीची शपथ घेऊन सांगतो, मी झोपलो होतो!"

"गादीची कशाला घेता? ती माझी होणार आहे."

आत्याबाईंनी मात्र लगेच विश्वास ठेवला. आत्याबाई म्हणजे शेठच्या वडिलांची धाकटी बहीण. घरातच असायच्या, कमी ऐकायच्या आणि भरपूर बोलायच्या. "दादाच तो," त्या म्हणाल्या. "जन्मभर हाताशी डबा ठेवून बसला. आता कुणी लांब ठेवला तर सोसेल का त्याला? भुकेला असेल रे."

समोरच्या न्हाव्यानंही विश्वास ठेवला, आणि न्हाव्यानं ठेवला म्हणजे गावानं ठेवला. दोन दाढ्यांत बातमी अर्ध्या गावात गेली आणि तिसऱ्या दाढीत तिच्यात भर पडली. न्हावी खुद्द दुकानात येऊन रिंगणापाशी उकिडवा बसला.

"शेठ, हे मंतरलेलं रिंगण आहे ना?"

"नर्सबाईंनी काढलंय. आहारासाठी."

"तसंच सांगतात त्या." न्हाव्यानं जमिनीवर बोट दाखवलं. "इथे बघा. खडू फिसकटलाय. आणि बाहेरून आत नाही फिसकटलेला. आतून बाहेर फिसकटलाय."

"म्हणजे?"

न्हावी हळूच उठला आणि दोन पावलं मागे सरला. "म्हणजे जे काय आहे, ते बाहेरून येत नाही. आतच बसलेलं असतं."

शेठ त्या वेळी रिंगणाच्या आतच बसले होते. त्यांना पहिल्यांदाच आपण होऊन उठावंसं वाटलं.

त्या दिवसापासून मागच्या फळीवरचा माल कुणी मागेना. भुतानं उष्टावलेली बिस्किटं घरी न्यायची कुणी? पोरं दुकानात आली की फक्त रिंगणातल्या वस्तूंकडे बघायची, शेंगदाणे घ्यायची आणि पळायची. मास्तरांनी गाजरं नेली. एक म्हातारा जन्मात काकडीला न शिवलेला. "आतलंच द्या, मागचं काही नको" म्हणून चार काकड्या घेऊन गेला.

शेठचं मात्र विचित्र चाललं होतं. शेठाणी मोजून वाढत होत्या, उकडलेलं, अळणी. शेठ निमूट खात होते. आणि तरी सदऱ्याची खालची तीन बटणं लागेनाशी झाली होती.

"बाई, हे काहीतरी भयंकर आहे," त्यांनी नर्सबाईंना गाठून कुजबुजत सांगितलं. "खातंय ते, आणि ढेरी वाढतेय माझी!"

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग सदऱ्याच्या न लागणाऱ्या बटणांकडे पाहिलं. "शेठ," शेवटी त्या म्हणाल्या, "आज झोपण्याआधी जमिनीवर थोडं पीठ पसरा."

शेठनी पीठ पसरलं. दाराशी, मागे, रिंगणाभोवती, सगळीकडे. कडी घातली, दोनदा ओढून पाहिली आणि आडवे झाले. उन्हाच्या रेघा सरकत आल्या. कुठेतरी फळी करकरली. आज काही झालं तरी झोपायचं नाही, असं शेठनी पक्कं ठरवलं. हे ठरवलेलं त्यांना आठवत होतं, त्यापुढचं काही आठवत नव्हतं.

टण्ण.

जागे झाले तेव्हा पिठात पावलं उमटली होती.

अनवाणी, रुंद पावलं. दारापासून एकही आलेलं नव्हतं. गादीपासून निघाली होती, मागच्या फळीपर्यंत गेली होती, आणि परत गादीपाशी येऊन थांबली होती. शेठ ओणवे झाले. डाव्या पावलाचा अंगठा बाहेरच्या बाजूला वाकडा होता. असा अंगठा त्यांनी हजारदा पाहिला होता. लहानपणी वडिलांचे पाय चेपताना.

त्यांनी कशातरी चपला अडकवल्या आणि घराकडे धाव घेतली.

"वडीलच आहेत!" ते दारातूनच ओरडले. "अंगठा वाकडा आहे!"

"मी म्हटलं नव्हतं?" आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. "दादा गादीतच आहे रे माझा!"

शेठाणी शेठच्या पायांकडे बघत होत्या. शेठनी चपला दारात काढल्या आणि आत जाऊन पांघरूण घेऊन पडले, तेव्हा शेठाणींनी एक चप्पल उचलून उन्हात धरली. आत, बोटांच्या जागी, पांढरं पीठ होतं.

(आता तुम्ही विचाराल, की आपला अंगठा कसा आहे हे माणसाला माहीत नसतं का? असतं. पण तो दिसावा लागतो. शेठच्या डोळ्यांच्या आणि पायांच्या मधे गेली अकरा वर्षं ढेरी होती. वडिलांचे पाय त्यांनी स्वतःच्या पायांपेक्षा जास्त पाहिले होते.)

एकोणचाळिसाव्या दिवशी शेठाणींनी पहारा ठेवायचं ठरवलं. गादीवर त्यांनी एक लोड आडवा ठेवला आणि त्यावर शेठची चादर घातली. बघणाऱ्याला वाटावं, शेठच झोपलेत. धान्याच्या पोत्यांमागे शेठाणी, नर्सबाई, न्हावी आणि हातात काठी घेतलेले शेठ असे चौघं दाटीवाटीनं बसले. दाराला कडी लागली.

"शिंकू नका," नर्सबाई न्हाव्याला म्हणाल्या.

"माझी बोबडी वळलीय बाई, शिंकणार कशानं?"

"गप्प!" शेठाणी.

बाहेर वारा पडला होता. पोत्यांना जुन्या धान्याचा कोंदट, उबदार वास होता. शेठ गादीकडे टक लावून बघत होते. चादरीखालचा आकार आधी लोडासारखा दिसत होता. मग तितकासा लोडासारखा दिसेना. मग शेठना स्पष्ट दिसलं, की चादर हलते आहे. वर, खाली. वर, खाली. श्वास घेतल्यासारखी.

त्यांना शेठाणींचा हात धरायचा होता, पण हात उचलेना. चादर हळूच बाजूला झाली. वडील उठून बसले. तोच सदरा, तोच वाकडा अंगठा. त्यांनी उजव्या हाताशी चाचपलं. तिथे गाजरं होती. वडिलांचा चेहरा असा उतरला, की शेठना भडभडून आलं.

"इतक्या लांब ठेवलास रे?" वडील म्हणाले. "मला उठायला लावतोस?"

"नाही, नाही, तुम्ही बसा," शेठ म्हणाले. "मी आणतो."

टण्ण.

दार धाडकन उघडलं आणि उजेडाचा लोट आत आला. न्हावी किंचाळत होता. कुणीतरी शेठचं मनगट घट्ट धरलं होतं. वडील दिसेनासे झाले होते आणि डबा समोरच होता. "भूत!" असं ओरडण्यासाठी शेठनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तोंडात चार बिस्किटं होती.

ते गादीवर बसले होते. मांडीवर डबा. मनगट धरणारा हात शेठाणींचा होता.

"बसल्या बसल्या घोरायला लागले," शेठाणी नर्सबाईंना सांगत होत्या, जणू शेठ तिथे नव्हतेच. "मग घोरता घोरताच उठले. माझ्या अंगावरून पाय टाकून गेले. गाजरांची टोपली मागे ठेवली, डबा पुढे आणला, लोड बाजूला सारला आणि बसले."

"आणि डोळे?" नर्सबाई.

"मिटलेले! ताई, शप्पथ सांगते, जागेपणी हा माणूस एवढा चालत नाही."

शेठनी बिस्किटं गिळली. दुसरा उपाय नव्हता. मग हळूच विचारलं, "म्हणजे वडील..."

शेठाणींचा आवाज जरा खाली आला. "वडील नाहीत हो. तुमचा हात आहे. तो झोपेतसुद्धा दुकान लावतो."

चाळिसाव्या दिवशी नर्सबाईंनी गावाची बोटं पुन्हा टोचली. न्हाव्याच्या बायकोचा आकडा उतरला. मास्तरांचा उतरला. काकडीवाल्या म्हाताऱ्याचा इतका उतरला, की बाईंनी यंत्र झटकून पुन्हा पाहिलं. भुताच्या धाकानं गाव सुधारलं होतं. अख्ख्या गावात आकडा चढला तो एकाचाच. दोनशे सत्तर.

शेठाणी गादीवर बसल्या. पहिल्याच दिवशी एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली: शेठाणींचा हात शेठपेक्षा चार बोटं आखूड होता. नर्सबाईंनी रिंगण पुसून लहान काढलं. त्यामुळे बाहेरचा माल वाढला, आणि तो आणून द्यायला शेठ.

"अहो, मसूर!"

शेठ मागे जायचे, आणायचे.

"अहो, ही नको, ती वरची!"

शेठ पुन्हा जायचे. गिऱ्हाइकं आता मुद्दाम लांबचं मागायची. न्हावी तर नुसता शेठना चालताना बघायला म्हणून जिरे मागायचा.

दुपारी शेठनी घरी झोपायचं ठरलं. झोपेत पुन्हा फिरले तर कळावं म्हणून शेठाणींनी पहिल्याच दुपारी, ते घोरायला लागल्यावर, त्यांच्या डाव्या पायात शेळीची घंटी बांधली. उठले की सांगू, असं म्हणून त्या दुकानाकडे गेल्या.

शेठना जाग आली ती स्वयंपाकघरात. समोर रिकामी फळी. आत चिटपाखरू नव्हतं. आत्याबाई ओसरीत झोपलेल्या. ऊन थिजल्यासारखं. शेठनी एक पाऊल मागे घेतलं.

किण.

ते थांबले. आवाज थांबला. त्यांनी श्वास रोखला आणि दाराकडे दोन पावलं टाकली.

किण, किण.

मागून, अगदी जवळून. आता वडीलही नव्हते, झोपही नव्हती. शेठ टक्क जागे होते. मग हे काय होतं? शेठ पळाले. ते त्यांच्या पाठीमागे पळालं. शेठ अंगणातून रस्त्यावर आले, ते किणकिणत रस्त्यावर आलं. जितक्या जोरात शेठ पळत, तितक्या जोरात ते मागे लागे. समोरून न्हाव्यानं अर्धी दाढी तशीच टाकून दार लावून घेतलं. मास्तर गाजर तोंडात धरून बघत राहिले. चौक ओलांडून, विहिरीला वळसा घालून, शेठ धापा टाकत आरोग्य केंद्रात शिरले आणि नर्सबाईंच्या टेबलामागे दडले.

"आलं!" ते ओरडले. "घरापासून पाठीशी आहे! आत्ता इथेच आहे बाई, ऐका!"

किण.

नर्सबाईंनी टेबलाखाली वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सरळ बसल्या, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "शेठ, मागे बघू नका. खाली बघा."

शेठनी धीर एकवटून खाली पाहिलं.

"काय दिसतंय?"

"काही नाही हो," शेठ रडवेल्या आवाजात म्हणाले. "नुसती ढेरी दिसतेय."

"सापडलं ना?" नर्सबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बोट टोचायची सुई काढली.